मोरॅगच्या तारखा

१० जुलै २०१३

आज आषाढ शुद्ध द्वितीया. विसरला. याही वर्षी विसरला!

चार वर्षं झाली आमच्या लेकीला जाऊन. सकाळी देवापाशी निरांजन लावलं, वाटीत दूध-साखर ठेवली. म्हटलं, हे बघून तरी विचारेल. ‘आज काही आहे का?’ एवढंच. पण नाही. त्याने मोजे शोधले, कचऱ्याची पिशवी उचलली (आज प्लॅस्टिकचा वार), आणि शीळ घालत गेला. शीळ! तीही त्या बॅगपाइपच्या धुनेची. संध्याकाळी माझ्यासाठी मेलनपान, इथला तो गोड पाव, घेऊन आला. ताजं होतं, वास आला म्हणून घेतलं म्हणे. एक घास खाऊन बाजूला ठेवलं. “आवडलं नाही का?” म्हणून विचारतो.

दोन आठवड्यांपूर्वी मात्र साहेबांनी अख्खी रजा टाकली होती. कशासाठी? तर स्कॉटलंडात कुठलीशी लढाई झाली होती. बॅनकबर्न. तिला सातशे वर्षंसुद्धा पुरी झालेली नाहीत, सहाशे नव्याण्णव! सहाशे नव्याण्णवावं वर्ष कोण पाळतं? मोरॅगकडे सगळे जमणार होते म्हणे. मग मीही त्या संध्याकाळी माझ्या मैत्रिणीला, पद्मिनीला, गाठलं आणि ओकोनोमियाकी खायला गेले. त्या लढाईवर आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. घरी आले तरी हसू आवरत नव्हतं. हा आधीच येऊन दिवा न लावता बसला होता. म्हटलं, “हरलात वाटतं?” उठून त्याने दिवा लावला.

२१ जुलै

मोरॅगबद्दल एकदा लिहूनच काढते. पोटात ठेवून आंबट ढेकर येतात.

वय पंचावन्न तरी असेल. आमच्याहून बरीच मोठी. त्याने हल्ली काही बिघडत नाही, असं पद्मिनीचं मत. केस तांबडे, मुळाशी पांढरे. नवऱ्यापासून कधीच वेगळी झालेली. कोबेत वीसेक वर्षं इंग्रजी शिकवते आणि शिओयाला टेकडीवर राहते. खिडकीतून समुद्र दिसतो. हे त्यानेच सांगितलं, दोनदा.

तिचं वेड म्हणजे स्कॉटलंडच्या तारखा. कोण राजा कधी पडला, कुठला पूल कधी कोसळला, कुणाचं डोकं कधी उडवलं. त्या त्या दिवशी पाचसहा माणसं तिच्याकडे जमतात. सूप करतात. एकजण त्या दिवसाची हकिगत वाचतो, एक मेणबत्ती लावतात, आणि घरी जातात. बस. या असल्या गोष्टीसाठी माझा नवरा ऑफिसातून लवकर निघतो! चंद्रहासला शाळेत सनावळ्या पाठ होत नसत, हे सासूबाईच सांगायच्या. माझा वाढदिवस त्याला फोन सांगतो.

ती भेटली गेल्या वर्षी जूनमध्ये, शिओयाच्या धक्क्यावर. हा तिथे कशाला गेला होता? सहज, म्हणे. मी त्याला सहज कोपऱ्यावरच्या कोन्बिनीपर्यंत, म्हणजे किरकोळ दुकानापर्यंत, पाठवायचं तर तीनदा सांगावं लागतं.

९ सप्टेंबर

आज फ्लॉडन. पाचशे वर्षं पूर्ण, म्हणजे यांच्याकडची मोठी तारीख. टाय लावून गेला! सूप कमी पडू नये म्हणून इथूनच लीकच्या दोन जुड्या घेऊन गेला. घरात कोथिंबीर आण म्हटलं की नावं विसरतो.

आल्यावर मला सांगायला लागला. राजा स्वतः पुढे होऊन लढला. राजा गेला, दहा हजार माणसं गेली, घरटी एक माणूस गेलं. गावोगावच्या बायका दारात उभ्या राहिल्या आणि कुणी परत आलंच नाही. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं.

पाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायकांसाठी! माझ्यासमोर हा माणूस एकदाही रडला नाही. दवाखान्यात नाही. घरी आल्यावर नाही. पाळणा परत न्यायला माणूस आला तेव्हा जिन्यावरून खाली उतरवायला त्याला मदत करत होता, “सांभाळून, भिंतीला लागेल,” म्हणत.

डोळे ओले होतात म्हणजे त्याचे. फक्त मोरॅगकडे जाऊन आल्यावर.

१० सप्टेंबर

पद्मिनी म्हणाली, “बघ बाई. पुरुष रडायला जिथे जातो ना, तिथे लक्ष ठेवावं.”

२५ नोव्हेंबर

केक घेऊन आला. लग्नाचा वाढदिवस! म्हटलं, आपलं लग्न मार्गशीर्षातलं आहे आणि मार्गशीर्ष अजून लागायचाय. दरवर्षीचंच भांडण. याच्या घरी सगळं तारखेने, आमच्या गुहागरला सगळं तिथीने. माझा वाढदिवस आई अजून रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी करते, मग तो कधी का येईना. हा म्हणतो, चंद्र बघून केक कापायचा का? मी म्हटलं, तुझं ऑफिस चंद्रावर चालत नाही म्हणून तुला कळत नाही. हसलो दोघं. केक खाल्ला. बरा होता.

मग फोन वाजला. मोरॅग. शनिवारी सेंट अँड्र्यूचा दिवस आहे, वृंदालाही आण, असा निरोप. जाणार आहे मी. बघूच दे एकदा.

३० नोव्हेंबर

बघितलं.

डोकं ठणकतंय. नंतर लिहीन.

२ डिसेंबर

घर लहान आहे. पुस्तकं, मांजर, ओल्या लोकरीचा वास. कुरोदा-सान म्हणून एक बार चालवणारे गृहस्थ बॅगपाइप वाजवतात. इतक्याशा खोलीत! माझे कान अजून भरलेत. मोरॅग गोड वागली. फारच गोड. चंद्रहासला तिथे सगळं माहीत, चमचे कुठल्या खणात, मांजर कुठल्या खुर्चीवरून उठवायचं नाही. माझ्या स्वयंपाकघरात याला गाळणं सापडत नाही.

निघताना बूट घालत होते. हा खाली रस्त्यावर पोचला होता. तिने माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, “जुईबद्दल मला माहीत आहे. मला फार वाईट वाटतं.”

जुई!

ते नाव जगात दोन माणसांना ठाऊक होतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून, माझे पाय सुजलेले असताना, मुलगी झाली तर जुई असं आम्ही ठरवलं होतं. घरच्यांना बारशालाच सांगायचं होतं. बारसं झालंच नाही. आईलासुद्धा मी ते नाव सांगितलं नाही. आणि त्या बाईच्या तोंडात ते! तिच्या त्या सुपासारखं, बटाट्यासारखं!

तसेच बूट घातले. उजवा डाव्यात गेला तरी तशीच चार पावलं चालले.

आज दिवसभर मोती निवडता निवडता तेच डोक्यात. आमच्या मोत्यांच्या ऑफिसात उत्तरेकडच्या खिडकीशी बसून एका रंगाचे मोती एकत्र करायचे, हा माझा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम. आज तिथल्या अनुभवी निशिदा-सान बाईंनी दोनदा माझा ट्रे परत केला. गुलाबी झाक पांढऱ्यात गेली होती.

मला ती गेली तेव्हा धड शुद्ध नव्हती. सीझर, मग ताप. तिला दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, चंद्रहास तिच्यापाशी असायचा. सगळं त्याने एकट्याने केलं. मला चार दिवस कुणी काही सांगितलंच नाही. मग ताप उतरल्यावर आईने जवळ घेतलं आणि म्हणाली, “द्वितीयेला गेली गं. आषाढ शुद्ध द्वितीया.” तेवढंच माझ्याकडे आहे. मी कॅलेंडर उघडून बघितलं नाही, कधीच नाही. सासूबाई म्हणाल्या, इतक्या लहानाचं श्राद्ध नसतं, आठवण काढू नये, मागे खेचलं जातं. त्यावर सगळे गप्प झाले ते आजपर्यंत.

हाही गप्प. टोकियोच्या बाजूची आपली माणसं २०११च्या भूकंपानंतर सामान आवरून परत चालली होती, तेव्हा याने जपानची बदली मागून घेतली. कुणी जायला तयार नाही, लगेच मिळेल म्हणाला. मीही आले. वाटलं, लांब गेल्यावर बोलेल.

बोलला की! माझ्याशी नाही, एवढंच.

मला दुसरं काही नको. वर्षातून एकदा त्याने माझ्याशेजारी बसावं आणि तिचं नाव घ्यावं. ते त्याने टेकडीवर नेऊन दिलं.

११ जानेवारी २०१४

त्याला काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. स्वतःहून सांगायचं असेल तर सांगेल.

आज मोरॅगच्या गावचं नवं वर्ष. आज! अडीचशे वर्षांपूर्वी सरकारने पंचांग बदललं, मधले अकरा दिवस उडवले. तिचं गाव म्हणालं, तुमचे तुम्ही उडवा, आमचं वर्ष आमच्या दिवशीच लागेल. अजून डांबराचं पिंप पेटवून डोक्यावरून गावभर मिरवतात म्हणे. चंद्रहास हसून सांगत होता. मला हसू आलं नाही. म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. तिथीवाले आहेत. मोरॅगच्या बाबतीत माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला. पद्मिनीला, निशिदा-सानना, खालच्या मजल्यावरच्या आजींना दिला. मोरॅगचा डबा भरला नाही. मुद्दाम. संध्याकाळी बघते तर हा रुमालात चार लाडू बांधतोय. उद्या तिकडे जाणार आहे, म्हणाला.

तिला सांग म्हटलं, आजच आमचं पानिपत झालं. एक पिढी कापली गेली, आणि आम्ही त्या दिवशी गोड बोला म्हणून लाडू वाटतो. तुमच्यासारख्या मेणबत्त्या लावत नाही. त्याने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाला, “लावायला हव्या होत्या का?”

मी खलबत्ता धुवायला घेतला.

१७ जानेवारी

कोबेच्या भूकंपाचा दिवस. एकोणीस वर्षं. निशिदा-सानचा थोरला भाऊ त्यात गेला. दर वर्षी त्या पहाटे अंधारात बागेत जातात, बांबूच्या नळकांड्यात दिवा लावतात आणि तिथूनच कामावर येतात. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. आज त्यांच्या ट्रेमध्ये एक मोती चुकला नाही.

त्यांना विचारलं, घरी बोलता का याबद्दल? त्या म्हणाल्या, बोलायचं काय, सगळ्यांना तारीख माहीत आहे.

अख्ख्या शहराला तारीख माहीत आहे. माझ्या घरात माणसं दोन. मला निशिदा-सानचाही हेवा वाटला. शोभतं का हे? नाही शोभत. वाटला.

११ मार्च

त्या मोठ्या भूकंपाला तीन वर्षं. ऑफिसात सगळे एक मिनिट उभे राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे तोहोकूची त्सुनामी नव्हती, काचेची पेटी होती.

१६ एप्रिल

आज कलोडन. पुन्हा हार. या लोकांना हरण्याचं वार्षिक वेड आहे. गेला, आला, जेवला.

८ जून

२४ जूनची तयारी. बॅनकबर्नला यंदा खरोखर सातशे वर्षं होतात. मोरॅगने वाचायचं काम याला दिलंय! वा! इतक्या वर्षांची स्कॉटिश मंडळी सोडून आमच्या दादरच्या चंद्रहासला. बाथरूममध्ये मोठ्याने सराव चालतो. रॉबर्ट द ब्रूस, खड्डे, भाले, ओढा. एक लढाई तरी हे लोक जिंकले, म्हणून आनंद.

रात्री भांडी पुसता पुसता म्हणाला, “तू येशील? चोवीसला?”

आवाज जरा वेगळाच होता. पण स्वतःहून पहिल्यांदा विचारलं ते दोन वर्षांनी, तेही सगळं ठरल्यावर. मोरॅगच्या ताटात उरलेलं मला! म्हटलं, मला काम आहे त्या दिवशी.

“बरं,” म्हणाला आणि तीच बशी पुन्हा पुसायला लागला.

२१ जून

पद्मिनी म्हणते, मागे जा त्याच्या. एकदा डोळ्यांनी बघून घे, मग काय ते ठरव. मी म्हटलं, मी काय गुप्तहेर आहे? ती म्हणाली, बायको आहेस.

आणि बघितलं काही तर? गुहागरला आईकडे जाईन. तिकिटं बघून ठेवलीत. आईला काय सांगायचं तेही ठरवलंय. हवा मानवली नाही म्हणून सांगेन.

२३ जून

उद्या संध्याकाळी जमणार आहेत. हा मात्र सकाळपासून रजेवर. सकाळपासून काय करतात दोघं? मी ऑफिसात कळवलंय, उद्या येत नाही. खोटं सांगितलं नाही. बरं नाही म्हटलं. नाहीच आहे.

२४ जून

गेले.

तो निघाला, त्याच्या मागच्या लोकलने मी. शिओयाला उतरल्यावर सरळ टेकडीची वाट धरली. मग तो दिसला. टेकडीवर नाही. रुळांच्या पलीकडे, खाली धक्क्यावर. बूट काढून शेजारी ठेवलेले, कोन्बिनीची छोटी पिशवी मांडीवर. समुद्राकडे तोंड. मी पेयांच्या मशीनआड उभी राहिले. तिची वाट बघतोय, दुसरं काय!

बराच वेळ गेला. जाळी दुरुस्त करणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, रस्ता चुकलात का. नाही म्हटलं. त्यांनी बसायला उलटी बादली दिली. बसले. नवऱ्यावर पाळत, तीही बादलीवर बसून. आईने बघितलं असतं तर!

मग मोरॅग आलीच. वरच्या रस्त्याने, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या. ती थांबली, खाली त्याच्याकडे बघितलं. आता हाक मारेल, आता उतरेल. मी बादलीवरून उठले. तिने पिशव्या खाली ठेवल्या, थोडा वेळ नुसती उभी राहिली, पुन्हा उचलल्या आणि टेकडी चढून घरी गेली. हाक नाही, काही नाही. त्याला कळलंसुद्धा नाही.

मी परत आले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? उलट जास्तच जळलं. आज त्याला एकटं सोडायचं, हे तिला ठाऊक आहे. का, तेही ठाऊक आहे. मला नाही. याच्यापेक्षा त्यांनी हातात हात घातलेले दिसले असते तर निदान भांडता आलं असतं.

तो उशिरा आला. वाचन छान झालं म्हणे. मी कुशीवर वळून पडले होते.

२५ जून

विचारलं. सरळ विचारलं. काल सकाळी धक्क्यावर कुणासाठी बसला होतास?

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, “चोवीस जून, वृंदा. जुई गेली तो दिवस. दर वर्षी तिच्या नावाने थोडं दूध सोडतो पाण्यात. इथे पहिल्यांदा सोडलं तेव्हा मोरॅगने पाहिलं, म्हणून तिला कळलं. तुला सांगणार होतो. पण गेल्या वर्षी त्याच दिवशी तू पद्मिनीबरोबर जेवून हसत घरी आलीस. मला वाटलं, तू विसरलीस. मग कशाला आठवण करून द्यायची?”

मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि आषाढ शुद्ध द्वितीयेवर बोट ठेवलं. यंदा रविवारी आहे.